लघुग्रहांची युगुले आणि मूळशोधाची उलटी गणना

दोन वस्तूंमध्ये लक्षणीय साम्य आढळले असता त्याची कारणे तीनच संभवतात : योगायोग, परस्परसंपर्क किंवा समान उगम. भाषाभ्यासकाला ही त्रिविध शक्यता पूर्वपरिचित आहे. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाने उद्भवण्याजोगे नसून त्यामागे एखादा समान, कदाचित् आज अस्तित्वात नसलेला, उगम असला पाहिजे असे प्रतिपादन केले. आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पुढील सारा व्याप हे विधान कोणत्या कसोट्यांवर सिद्ध मानावे याच्या चर्चेतून वाढला. नेमका हाच प्रश्न गेल्या काही दशकांत ज्योतिर्विदांपुढे लघुग्रहांच्या संदर्भात उभा राहिला आहे. भेद इतकाच की, भाषाशास्त्रज्ञाला लुप्त मूलभाषेचे केवळ अनुमान करता येते. ज्योतिर्विदाला मात्र, निदान तत्त्वतः, काळ प्रत्यक्ष मागे फिरवून दोन पिंड एकत्र येतात की नाही हे गणिताने पाहता येते. या ‘तत्त्वतः’ शब्दात किती अडचणी दडलेल्या आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारे दहा लाखांहून अधिक लघुग्रह आज ज्ञात आहेत. प्रत्येकाची कक्षा पाच राशींनी निश्चित होते. अर्धदीर्घ अक्ष हा कक्षेचा आकार सांगतो, उत्केंद्रता तिचा लांबटपणा आणि कल हा पृथ्वीच्या कक्षापातळीशी होणारा कोन. उरलेल्या दोन राशी कक्षा अवकाशात कोणत्या दिशेस वळलेली आहे हे दर्शवितात : एक पाताचे स्थान, दुसरी उपसूर्य बिंदूचे स्थान. पात म्हणजे कक्षा ज्या ठिकाणी पृथ्वीच्या कक्षापातळीला छेदते तो बिंदू. चंद्रकक्षेच्या अशाच दोन पातांना आपल्याकडे राहू व केतू ही नावे आहेत, आणि ते आकाशात उलट दिशेने सरकत राहतात हे पंचांग पाहणाऱ्यास ठाऊक असते. लघुग्रहांचे पातही तसेच सरकतात. मुख्यतः गुरूच्या आकर्षणामुळे ते साधारणतः काही दशसहस्र वर्षांत एक फेरी पुरी करतात. उपसूर्य बिंदूही सरकतो, परंतु पुढच्या दिशेने. लघुग्रह त्या कक्षेवर या क्षणी नेमका कोठे आहे, ही सहावी राशी. तिचे महत्त्व पुढे येईल.

१९१८ मध्ये कियोत्सुगू हिरायामा या जपानी ज्योतिर्विदाने असे दाखवून दिले की, ग्रहांच्या आकर्षणाने होणारी आंदोलने वजा केल्यास काही लघुग्रहांचे अक्ष, उत्केंद्रता व कल हे तीन घटक विलक्षण जवळजवळ येतात. कोरोनिस, इऑस व थेमिस या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समूहांना त्यांनी ‘कुल’ म्हटले, आणि एखादा मोठा पिंड फुटून त्याचे तुकडे झाले असावेत असा तर्क केला. तेव्हा ज्ञात लघुग्रह हजाराच्या आतच होते, हे लक्षात घेता ही दृष्टी असामान्यच म्हटली पाहिजे. मात्र कुल आहे एवढेच हिरायामांना सांगता आले. ते केव्हा जन्मले हे सांगता आले नाही. कारण पात व उपसूर्य बिंदू यांच्या सरकण्याचा वेग प्रत्येक तुकड्यागणिक किंचित् भिन्न असतो, आणि कोट्यवधी वर्षांत या किंचित् भेदामुळे त्यांची स्थाने सर्व दिशांना विखुरली गेली होती. कुलातील घराणे ओळखता येत होते, जन्मपत्रिका मात्र हरवलेली होती.

ती प्रथम सापडली २००२ मध्ये. दाव्हिद नेस्वोर्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनिस कुलाच्या पोटातच कारिन या लघुग्रहाभोवती एकवटलेला एकोणचाळीस पिंडांचा एक दाट पुंजका शोधला आणि त्यांच्या कक्षा गणिताने मागे नेल्या. एकाच क्षणी सुरू केलेली, परंतु चालीत थोडा थोडा फरक असलेली अनेक घड्याळे आज निरनिराळ्या वेळा दाखवीत असतील, तर प्रत्येकाचे काटे त्याच्या त्याच्या चालीने उलटे फिरविल्यास ज्या क्षणी सर्वांची वेळ एक होईल तो त्यांच्या प्रारंभाचा क्षण होय. कारिन पुंजक्यातील पातांचे व उपसूर्य बिंदूंचे काटे असे मागे फिरविता ते ५८ लक्ष वर्षांपूर्वी एकत्र आले. अनिश्चितता सुमारे २ लक्ष वर्षांची. या क्षणाच्या मागे-पुढे ते पुन्हा पांगतात. दोन घड्याळांची वेळ केव्हा तरी योगायोगाने जुळेल. डझनावारी घड्याळांची, आणि तीही दोन स्वतंत्र काट्यांची, एकाच क्षणी जुळणे योगायोगाच्या कक्षेबाहेरचे आहे. वीस–बीस ही एक जोडी पाहून मराठी ‘व’ व हिंदी ‘ब’ यांचा संबंध कोणी मान्य करणार नाही. वाघ–बाघ व तत्सम जोड्यांची नियमित रांग उभी राहिली म्हणजे मात्र शंका घेण्यास जागा उरत नाही. पुंजक्याचे सामर्थ्य या रांगेत आहे.

युगुलांच्या बाबतीत हे सामर्थ्यच नाहीसे होते. तेथे दोनच पिंड असतात. मग त्यांच्या नात्यास पुरावा कोणता?

२००८ मध्ये दाव्हिद व्होक्रौह्लित्स्की व नेस्वोर्नी यांनी तोपर्यंत ज्ञात असलेल्या लाखो कक्षांची तुलना करून सुमारे साठ युगुले प्रसिद्ध केली. यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या अक्ष, उत्केंद्रता व कल याच राशी नव्हेत, तर पात व उपसूर्य बिंदू यांची आजची स्थानेही जुळतात. पाचही राशी जुळल्या म्हणजे चालीतील भेदाला त्यांना पांगविण्याइतका अवधी मिळालेला नाही, अर्थात् वियोग अलीकडचा असला पाहिजे. परंतु येथे एक गणिती सावधगिरी आवश्यक आहे. दहा लक्ष वस्तूंमधून दोन-दोनांच्या जोड्या सुमारे ५० हजार कोटी होतात. इतक्या जोड्यांत काहींच्या कक्षा निव्वळ अपघाताने अत्यंत जवळ येणारच. शब्दकोश पुरेसे मोठे असले म्हणजे फारसी ‘बद’ व इंग्रजी ‘बॅड’ ही उच्चाराने व अर्थाने जुळणारी, परंतु व्युत्पत्तीने परस्परांशी काही नाते नसलेली जोडी सापडतेच, तसे. म्हणून केवळ ‘किती जवळ’ हा प्रश्न अपुरा ठरतो; ‘त्या प्रदेशातील गर्दीच्या मानाने किती जवळ’ हा खरा प्रश्न. पट्ट्याच्या दाट भागात जे साम्य क्षुल्लक ठरेल तेच विरळ भागात निर्णायक ठरू शकते. साठ ही संख्या अशा अपेक्षित अपघातांहून पुष्कळच मोठी होती, यावर त्या लेखाचा भर आहे. संपर्काची शक्यता मात्र येथे बाजूस ठेवता येते. पट्ट्यात दोन अनोळखी पिंड परस्परांजवळून जातात तेव्हा त्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला सरासरी ५ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगात किलोमीटरभर आकाराचा पिंड दुसऱ्याला आपल्या कक्षेकडे ओढून घेऊ शकत नाही. उसने घेतलेले शब्द ही भाषाशास्त्रातील नित्याची डोकेदुखी ज्योतिर्विदाला नाही, हे त्याचे भाग्यच.

साम्याची छाननी झाल्यावर उलटी गणना सुरू होते. न्यूटनची गतिसमीकरणे काळाच्या दिशेविषयी उदासीन आहेत. त्यांत काळाचे चिन्ह बदलले तरी ती तितकीच खरी राहतात. म्हणून सूर्य, सर्व ग्रह व आवश्यक तर सेरेस, व्हेस्टा यांसारखे मोठे पिंड गणनेत घेऊन, काही दिवसांच्या पावलांनी, दोन्ही लघुग्रहांना संगणकावर मागे चालविता येते. प्रत्येक पावलावर दोहोंमधील अंतर व सापेक्ष वेग मोजावयाचा. दोहोंची भेट ‘खरी’ मानण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली, अंतर हे मोठ्या पिंडाच्या गुरुत्वप्रभावाच्या क्षेत्राएवढे असावे. सूर्याच्या ओढीपेक्षा त्या पिंडाची ओढ जेथे वरचढ ठरते ते हे क्षेत्र किलोमीटरभर व्यासाच्या लघुग्रहाभोवती सुमारे २०० किलोमीटरपर्यंत पसरते. दुसरी, सापेक्ष वेग त्या पिंडाच्या मुक्तिवेगाच्या जवळपास असावा, आणि हा मुक्तिवेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालण्याहूनही कमी आहे. सूर्याभोवती सेकंदाला १८-१९ किलोमीटर वेगाने धावणारे दोन पिंड हजारो वर्षांपूर्वी एका क्षणी परस्परांपासून रांगत्या वेगाने दूर होत होते, असे दाखवून द्यावयाचे असते. अट किती कठोर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आणि अडचणीही येथेच आहेत. पहिली अडचण निरीक्षणाची. आजची कक्षा कितीही काळजीपूर्वक मोजली तरी तीत लहानशी अनिश्चितता राहतेच, आणि मागे जाताना ती वाढत जाते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात राहणाऱ्या इव्हान यार्कोव्स्की नामक अभियंत्याच्या विचारातून आलेली ही कल्पना दीर्घ काळ विस्मृतीत गेली होती. १९५१ मध्ये एर्न्स्ट एपिक यांनी तिची आठवण करून दिली. उन्हाने तापलेला लघुग्रह फिरता फिरता ती उष्णता ‘दुपारनंतर’च्या बाजूने बाहेर टाकतो आणि या उष्णतेच्या प्रतिक्रियेने त्याला अत्यल्प धक्का मिळत राहतो. पिंडाचे परिवलन जर त्याच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाच्याच दिशेने होत असेल तर कक्षा हळूहळू मोठी होते, उलट दिशेने होत असेल तर लहान. किलोमीटरभर व्यासाच्या पिंडाचा अक्ष या परिणामाने दहा लक्ष वर्षांत जास्तीत जास्त सुमारे ३० हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला ३० मीटर बदलतो. हा बदल हास्यास्पद वाटेल. परंतु अक्ष बदलला की भ्रमणकाल बदलतो, आणि कक्षेवरील स्थानातील फरक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात साचत जातो : एक लक्ष वर्षांत तो कमाल परिस्थितीत ५० अंशांच्या घरात पोहोचतो. वर उल्लेखिलेली सहावी राशी ती हीच. बहुतेक लघुग्रहांच्या बाबतीत हा धक्का मोजलेला नसतो. परिवलनाची दिशा अज्ञात असल्यास त्याचे चिन्हदेखील ठाऊक नसते.

या ठिकाणी शब्दसंख्याशास्त्राच्या कालगणनेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मॉरिस स्वादेश यांनी मूलभूत शब्दसंग्रहाचा सहस्रकाला सुमारे १४ टक्के भाग बदलतो असे सर्वत्र एकच प्रमाण गृहीत धरले. १९६२ मध्ये बर्ग्सलांड व फॉग्ट यांनी आइसलँडिक आणि नॉर्वेजियन यांची उदाहरणे घेऊन हे प्रमाण प्रत्येक भाषेगणिक किती वेगळे असू शकते हे दाखविले, आणि पद्धतीचा पाया ढासळला. ज्योतिर्विदांनी ही चूक टाळली आहे. ते एकच वेग गृहीत धरीत नाहीत. प्रत्येक लघुग्रहाच्या शेकडो किंवा हजारो प्रतिकृती कल्पून, निरीक्षणाच्या मर्यादेत बसणारी थोडी थोडी वेगळी कक्षा आणि भौतिक दृष्ट्या संभवनीय असा निरनिराळा औष्णिक धक्का प्रत्येकीला देऊन, त्या सर्वांना मागे चालवितात. मग एका पिंडाची प्रत्येक प्रतिकृती दुसऱ्याच्या प्रत्येक प्रतिकृतीशी ताडून कोणत्या काळी किती भेटी दोन्ही अटी पुऱ्या करतात याची मोजदाद होते. उत्तर एक वर्ष म्हणून मिळत नाही, भेटींच्या विभाजनाच्या रूपाने मिळते. आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. दहा लक्ष वर्षांपलीकडे ही मोजदाद बहुधा इतकी पसरट होते की, वियोगाच्या काळाची कनिष्ठ मर्यादा सांगण्यापलीकडे काही उरत नाही.

या पद्धतीचे सर्वांत सुबक उदाहरण राइनलँड व तिचा जोडीदार २००१ एनक्यू८ हे होय. राइनलँड चार-पाच किलोमीटर व्यासाची, जोडीदार तिच्याहून पुष्कळ लहान. २००८ च्या लेखातच यांचा वियोग १६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी झाला असावा असा निष्कर्ष होता. ग्रहमालेच्या आयुष्यात हा काळ म्हणजे कालची संध्याकाळ. इतक्या अल्प अवधीत कक्षांची अनिश्चितता फारशी वाढत नाही. तरीही औष्णिक धक्क्याने कक्षेवरील स्थानात लाखो किलोमीटरांचा फरक पडू शकतो, आणि भेट तर काहीशे किलोमीटरांच्या आत घडवावयाची असते. त्यामुळे पुढील संशोधकांनी दोहोंच्या प्रकाशातील चढउतारांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून त्यांच्या परिवलनाचा काल व अक्षाची दिशा निश्चित केली. राइनलँडचे परिवलन सुमारे ४.२७ तासांचे, जोडीदाराचे ५.८८ तासांचे, दोन्ही पिंड भ्रमणाच्या उलट दिशेने फिरतात. धक्क्याचे चिन्ह अशा रीतीने हाती आल्यावर २०१७ मध्ये वियोगाचा काळ १६ हजारांहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीचा, आणि अनिश्चितता शतकाच्याही आत, असा ठरला. एक खटकणारी गोष्ट राहिली : दोहोंचे परिवलनाक्ष समांतर नाहीत. एका पिंडापासून शांतपणे अलग झालेल्या दोन भागांचे अक्ष प्रारंभी समांतर असावेत अशी साधी अपेक्षा होती. ती चुकीची ठरली, वियोग मात्र खोटा ठरला नाही. सिद्धांताला तपशिलात माघार घ्यावी लागणे हे त्याच्या जिवंतपणाचेच लक्षण मानावयास हरकत नाही.

तथापि संशयवाद्याचा आक्षेप येथेच संपत नाही. हजारो प्रतिकृती आणि मोकळे धक्के हाताशी असले तर कोणतीही दोन घड्याळे केव्हा तरी जुळवून दाखविता येणार नाहीत काय? हा आक्षेप गंभीर आहे, आणि प्रतिकृतींची संख्या वाढवून त्याला उत्तर मिळत नाही. त्याला उत्तर दोन मार्गांनी देता येते. एक म्हणजे ज्यांचे नाते नाही हे आपणच ठरविले आहे अशा काल्पनिक जोड्या त्याच जात्यातून दळून काढावयाच्या आणि त्यांतून किती खोट्या भेटी निघतात ते पाहावयाचे. दुसरा मार्ग अधिक समाधानकारक : गणनेत ज्याचा उपयोगच केलेला नाही असा पुरावा शोधणे.

असा पुरावा २०१० मध्ये पेत्र प्रावेत्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडला. त्यांनी पस्तीस युगुलांच्या घटकांची आकारमाने व परिवलनकाल मोजले. लहान जोडीदाराचे वस्तुमान मोठ्याच्या एकपंचमांशाहून अधिक असल्याचे आढळले नाही. आणि हे प्रमाण एकपंचमांशाच्या जितके जवळ जाते तितके मोठ्या पिंडाचे परिवलन मंद होत जाते. याची उपपत्ती अशी. पुष्कळसे लघुग्रह एकसंध खडक नसून केवळ गुरुत्वाने एकत्र राहिलेले दगडगोट्यांचे ढिगारे असतात. सूर्यप्रकाशाचा विषम दाब व उष्णता यांमुळे अशा ढिगाऱ्याचे परिवलन लाखो वर्षांत जलद होत जाते, आणि ते सुमारे २.२ तासांच्या मर्यादेस पोहोचले की ढिगाऱ्याचा काही भाग सुटून त्याच्याभोवती फिरू लागतो. सुटलेला भाग पुरेसा लहान असल्यास मोठ्याच्या परिवलनातील ऊर्जा उसनी घेऊन तो कायमचा निसटतो. जितका तो भाग मोठा तितकी ऊर्जा अधिक लागते, आणि देणाऱ्याचे परिवलन तितके मंदावते. एकपंचमांशापलीकडे ती ऊर्जा पुरतच नाही. हा संबंध सिद्धांताने आधी वर्तविला होता आणि उलट्या गणनेत परिवलनकालाचा व वस्तुमानांच्या प्रमाणाचा असा उपयोग नव्हता. म्हणून युगुले खरी आहेत याचा, कक्षांहून भिन्न, असा हा बळकट पुरावा ठरतो. युगुले ही स्फोटाची अपत्ये नव्हेत. शांत विभक्तीची आहेत, हेही त्यातूनच उमगले.

कुलांच्या बाबतीत याहूनही अनपेक्षित साक्ष मिळाली. व्हेरिटास या कुलाचे वय उलट्या गणनेने २००३ मध्ये ८३ लक्ष वर्षे ठरविले गेले. त्यानंतर २००६ मध्ये केनेथ फार्ली व सहकाऱ्यांनी सागरतळाच्या गाळात हीलियम-३ या, अवकाशातील धुळीबरोबर येणाऱ्या, समस्थानिकाचे प्रमाण सुमारे ८२ लक्ष वर्षांपूर्वी एकाएकी वाढून पुढे सुमारे १५ लक्ष वर्षांत ओसरल्याचे दाखविले. आकाशातील गणित आणि समुद्राच्या तळाचा चिखल एकाच काळाकडे बोट दाखवितात. सोस्यूर यांनी १८७९ च्या आपल्या प्रबंधात मूल भारोपीय भाषेसाठी केवळ अंतर्गत तर्काने काही लुप्त ध्वनी कल्पिले होते, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच यांना त्यांची खूण हित्ती भाषेच्या मृत्तिकालेखांत आढळली; मूळशोधाच्या इतिहासात या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवण्याजोग्या आहेत.

याचा अर्थ सर्व उलगडले असा नव्हे. २०१९ मध्ये प्रावेत्स व सहकाऱ्यांनी ९३ युगुलांचा आढावा घेतला तेव्हा ८६ युगुले वरील नियमात बसली. न बसणाऱ्या सातांपैकी तीन मोजमापाच्या शंकेखाली टाकता आली. उरलेल्या चारांत दोन्ही घटकांची वस्तुमाने इतकी तुल्यबळ आहेत की परिवलनाच्या ऊर्जेतून त्यांचा वियोग संभवत नाही. याच आढाव्यात काही युगुलांतील मोठ्या पिंडाभोवती आणखी एक उपग्रह फिरत असल्याचेही दिसले. म्हणजे विभक्ती एकदाच होते असेही नाही.

सर्वांत चमत्कारिक युगुल मात्र त्यानंतरचे आहे. २०१९ पीआर२ व २०१९ क्यूआर६ हे अनुक्रमे सुमारे एक व अर्धा किलोमीटर व्यासाचे, पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे पिंड जवळजवळ एकाच कक्षेत आढळले. २०२२ मध्ये पेत्र फात्का व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार त्यांचा वियोग सुमारे ३०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे तो झाला तेव्हा पृथ्वीवर दुर्बिणी होत्या. एवढ्या अल्प काळात सारे काही सोपे असावयास हवे. वस्तुस्थिती उलट आहे. गुरुत्वाकर्षण व औष्णिक धक्का एवढीच साधने वापरून त्यांना एकत्र आणताच येत नाही. धूमकेतूप्रमाणे वायू व धूळ बाहेर टाकल्याने मिळणारा अधिक जोराचा रेटा वियोगानंतर काही काळ चालू होता असे मानले तरच भेट घडते. परंतु निरीक्षणांत त्यांच्याभोवती धूमकेतूसारखा परिवेष दिसलेला नाही. येथे गृहीतक गणना जुळावी म्हणून आणले गेले आहे, आणि स्वतंत्र साक्ष अद्याप मिळावयाची आहे. समीक्षकाला येथे बोट ठेवण्याचा पूर्ण अधिकार आहे. हे दोन्ही पिंड निरीक्षणास सोयीचे व्हावेत इतके जवळ पुन्हा येतील ते २०३३ मध्ये.